ताई, नवोदयची सुरुवात अशी करा

लेक आत्ताच पाचवीत गेली, नवोदयची (केंद्र सरकारच्या निवासी शाळांत सहावीच्या प्रवेशासाठीची परीक्षा) तयारी कुठून सुरू करू म्हणता, म्हणजे घाई नाही. नागपुरात बर्डीच्या बाजारातून गाईडांचा गठ्ठा आणू नका. एक सराव पुस्तक आणि मागच्या वर्षांचे पेपर पुरेत.

आधी पेपर ओळखा. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न एकट्या बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे, गणित अन् भाषा २०-२०. तरी पालक गणितावरच तुटून पडतात आणि आकृत्या शेवटच्या महिन्यावर ढकलतात. उलट करा.

आकृत्यांसाठी खरा आरसा घ्या. आकृतीच्या उजव्या बाजूला उभा धरा: डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. मुलं नेमकी इथेच घसरतात. उत्तर बरोबर आलं तरी ‘बाकीचे तीन पर्याय का नाही?’ हे तिला तोंडाने सांगायला लावा.

गणितात तूर्त तीनच गोष्टी:
- वीसपर्यंत पाढे
- लसावि-मसावि
- अपूर्णांक

बाकीचे घटक नंतर बघू. भाषेत उतारे असतात. उत्तर उताऱ्यातलंच हवं, मनचं नाही.

ओएमआरचा (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेचा) सराव मात्र आत्तापासून, बॉलपेननेच. एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोळे एक घर सरकतात, आणि रंगवलेला गोळा बदलता येत नाही. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायचा. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

अर्ज भरताना एक सांभाळा: नागपूर जिल्ह्यातल्या नवेगाव खैरीच्या नवोदय विद्यालयासह सगळीकडे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला असेल, तर मूल शहरी धरतात.