आई नुसती क्लार्क होती, तिच्यावर काय बोलू?

पत्र थोडक्यात असं. आई ३१ वर्षं बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या ऑफिसात होती, २०१६ ला रिटायर झाली, मागच्या वर्षी गेली. आता माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात लेकीला तिच्यावर पाच मिनिटं बोलायचंय. ती लिहिते, "अक्का, सरांचे किस्से सगळ्यांकडं असतात, आईचं आयुष्य दाखले लिहिण्यात गेलं. आणि खरं सांगू, मला तिची चिडचिडच जास्त आठवते."

अगं, दाखले लिहिण्यात गेलं म्हणजे काय थोडं झालं का? आपल्याकडं बीईओचं, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसचं पत्र येणार कन्नडात, शाळा मराठी, आणि टेबलासमोर उभा बाप अंगठा लावणारा, त्याला ते वाचून, समजावून, फॉर्म भरून कोण द्यायचं? हेडमास्तर नाही देत बसायचे. आडनाव कन्नडात लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पोरगं पुढं अॅफिडेव्हिट करत फिरतं, मग मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला जाऊ दे नाहीतर पासपोर्टला. जन्मतारखेचं तर विचारूच नको, आमचे वडील आणि दोन्ही काका कागदावर १ जूनचे, आजी म्हणायची धाकटा तर ऐन दिवाळीतला! शाळेत घालताना तारीख माहीत नसली की १ जून ठोकून द्यायची रीतच होती. तुझी आई तशी ठोकायची का पालकाला बसवून "पेरणी झालेली का, पाऊस होता का" असं खोदून विचारायची, हे कुणालातरी नक्की माहीत असणार.

तर आधी शाळेतल्या जुन्या शिपाईमामांना गाठ. हेडमास्तर बदलतात, शिपाई सगळं बघून असतो. मग मेळाव्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढंच टाक की ज्यांच्याकडं आईच्या हातचा दाखला, बोनाफाईड असेल त्यांनी फोटो पाठवा, आणि तो घ्यायला आला होता तेव्हा काय झालेलं तेही लिहा. चार जणांनी जरी पाठवलं तरी तुझं भाषण झालं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा ती ऑफिसातच होती की, शिक्के-लेटरहेड बदलताना काय काय झालं असेल तेही विचार, हसायला मिळेल.

हसतमुख, मनमिळाऊ असलं काही म्हणू नकोस हं. समोर बसलेल्यांनी तिच्या शिव्या खाल्ल्यात, त्यांना कळतंय. चिडकी होती तर चिडकी म्हण. एसएसएलसीच्या नॉमिनल रोलच्या, म्हणजे दहावीला बसणाऱ्या पोरांच्या यादीच्या दिवसांत ती रात्री घरी कागद पसरून बसायची आणि तुला जेवायला वाढायलाही उठायची नाही असं तू लिहिलंयस, ते तसंच सांग, तुला राग यायचा हेही सांग. त्या यादीतली पोरं समोरच बसलेली असणार.

भाऊ "कशाला हे सगळं, वर्षश्राद्धाला जेवण घालूया" म्हणतो ना, घालू दे, त्याचं त्याला करू दे.

आणि एक. तू त्याच शाळेत शिकलीस म्हणतेस, म्हणजे जनरल रजिस्टरात तुझी नोंद पण तिच्याच अक्षरात असणार. ती बघायला भाषणाच्या आधी जाऊ नकोस. नंतर जा. आधी गेलीस तर बोलता यायचं नाही तुला.