समुद्राचा तळ कडक असला म्हणजे जॅक-अप रिग सेफ का?

तुमचा प्रश्न असा की धाकटा भाऊ जॅक-अप रिगवर (तरंगत येऊन तीन पाय समुद्राच्या तळात रोवून उभी राहणारी तेलविहिरीची रिग) ट्रेनी म्हणून लागलाय, तो म्हणतो बॉम्बे हाय या मुंबईबाहेरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा तळ कडक आहे त्यामुळे रिग बसवताना टेन्शन नसतं, तर हे खरं का, आणि रिग काढताना कसली रिस्क असते.

अर्धंच खरं आहे हो. मी इथे बडोद्यात बसून हेच काम करतो, सॉइल रिपोर्ट वाचायचे आणि रिगचा पाय तळात कुठवर जाईल ते काढून द्यायचं. मला विचाराल तर सगळीकडे एकसारखी मऊ चिकणमाती असलेली लोकेशन आली की मी निवांत असतो, पाय वीस-पंचवीस मीटर आत जाईल पण हळूहळू जाईल, अंदाज देत जाईल. भीती असते ती वर कडक आणि खाली मऊ असेल तिथे. विश्वामित्रीचं पाणी ओसरलं की काठच्या चिखलावर वाळलेली पापडी धरते ना, उभं राहिलं तर जमीन वाटते आणि पुढच्याच पावलाला पाय पोटरीपर्यंत आत, तसं (करून बघायला जाऊ नका, मगरी आहेत). इथे पाऊल म्हणजे स्पडकॅन, त्याचा व्यास दहा-पंधरा मीटर आणि वर हजारो टन वजन. एक पाय झपकन काही मीटर खाली गेला आणि बाकीचे दोन जागीच राहिले की हल, म्हणजे रिगचा तरंगणारा मुख्य भाग, कलतो, पाय वाकतात, कधी मोडतातही. याला पंच-थ्रू म्हणतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेर हे जरा जास्तच बघावं लागतं, कारण तिथली वाळू बरीचशी शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आणि मधेमधे चुन्याने धरून घट्ट झालेली असते, वरून एकदम मजबूत, पण लोड आला की दाण्यांचाच चुरा होतो. त्यासाठी कोन टेस्ट करतात, १० चौरस सेंटिमीटरचा कोन सेकंदाला २ सेंटिमीटर या वेगाने तळात दाबत न्यायचा आणि किती रेझिस्टन्स येतो ते नोंदवायचं. ग्राफची रेघ पाच-सहा मीटरवर एकदम उजवीकडे उडी मारते, थोडा वेळ तिथे राहते आणि मग परत डावीकडे येते. नवीन पोरं उडी बघून खूश होतात, मी परत आलेली रेघ बघतो, कारण उडी म्हणजे कडक थर आणि परत आलेली रेघ म्हणजे त्याच्या खालचा मऊ थर.

बोअरहोल, म्हणजे माती तपासायला तळात घेतलेलं भोक, किती खोल घ्यायचा तर ढोबळ नियम असा, ३० मीटर किंवा पाय जाईल ती खोली अधिक स्पडकॅनच्या व्यासाच्या दीड ते दोन पट, यातलं जे जास्त ते. साइट असेसमेंटचं स्टँडर्ड आयएसओ १९९०५-१ आहे, भावाला तेवढं नाव लक्षात ठेवायला सांगा. आणि एकच बोअरहोल घेऊन तिन्ही पायांना तेच लागू करणं मला अजिबात पटत नाही, पायांमध्ये चाळीस-पन्नास मीटर अंतर असू शकतं, तेवढ्यात थर बदलतो. निदान सब-बॉटम प्रोफायलरच्या (आवाजाच्या लहरींनी तळाखालचे थर दाखवणारं यंत्र) रेषा तरी मधे जोडून बघा. साइड-स्कॅन सोनार, मॅग्नेटोमीटर वगैरे असतंच, पाइपलाइन, केबल, पडलेलं भंगार शोधायला.

मग प्रीलोड. टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून पायांवर मुद्दाम वादळात येईल तेवढा लोड आणायचा आणि तासन् तास धरून ठेवायचा. पंच-थ्रूची शंका असेल तर एकेका पायाला वेगवेगळं आणि हल पाण्यातच किंवा पाण्याच्या अगदी जवळ ठेवून, म्हणजे पाय खचलाच तर हल पाण्यावर टेकतो. आमचा अंदाजाचा कर्व्ह आणि प्रत्यक्ष पाय किती गेला हे शेजारी शेजारी प्लॉट होत राहिलं पाहिजे, दोन्ही जुळेना झाले की थांबायचं, शेड्यूल गेलं खड्ड्यात.

खड्ड्यावरून आठवलं, जुने फूटप्रिंट, म्हणजे आधीच्या रिगच्या पायांनी तळात पडलेले खड्डे. १९७४ मध्ये सागर सम्राटने बॉम्बे हायला तेल शोधलं तेव्हा तळ कोरा होता, आता जुन्या प्लॅटफॉर्मच्या शेजारी वर्कओव्हरसाठी (जुन्या विहिरींची दुरुस्ती) रिग येऊन येऊन खड्डेच खड्डे. तीच रिग परत त्याच खड्ड्यात बसली तर फारसा त्रास नाही, पण दुसऱ्या मापाची आली आणि स्पडकॅन खड्ड्याच्या उतारावर पडला की तो आत घसरतो, पाय वाकतो, आणि बाजूलाच प्लॅटफॉर्म! त्यामुळे आधीच्या रिगचे को-ऑर्डिनेट्स हातात नसतील तर मी रिपोर्टवर सही करत नाही. उपाय आहेत, रिग थोडी सरकवा, दिशा बदला, खड्डा खडीने भरा.

आपल्या खंभातच्या आखातासारख्या ठिकाणी वेगळंच, भरती-ओहोटीचा फरक १० मीटरवर जातो, करंट स्पडकॅनखालची वाळू उपसून नेतो. तिथे आज बसवलेली रिग महिन्याने तशीच बसलेली असेल असं धरू नका, डायव्हर किंवा आरओव्ही (वरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र) पाठवून बघत राहायचं.

काढण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष असतं. चिकणमातीत पाय खोल गेला असेल तर वर माती येऊन बसते, खाली व्हॅक्यूम धरतो, आणि रिग जितके महिने उभी तितकी खालची माती दाबून जास्त घट्ट होत जाते. हल पाण्यात उतरवून त्याच्या तरंगण्याच्या जोरावर पाय ओढतात, भरतीची मदत घेतात, पण जोर किती लावायचा याला मर्यादा असते. पाय अडकलेले आणि हल पाण्यात अशा अवस्थेत लाटा वाढल्या तर ती सगळ्यात वाईट वेळ, म्हणून वेदर विंडो (समुद्र शांत राहील तेवढा काळ) काढायचीसुद्धा मोजून घ्यावी लागते, नुसती बसवायची नाही. सुटण्यासाठी स्पडकॅनच्या नॉझलमधून पाण्याचं जेटिंग करतात. भावाला सांगा, त्या जेटिंगच्या लाइनी पाय खाली सोडायच्या आधी चालवून बघ, एकदा वीस मीटर चिखलात गेल्यावर नॉझल चोक निघालं तर ते साफ करायला कोणी जाऊ शकत नाही.