घरच्यांनी पगार वाटून घेतला, मी अजून हो म्हटलेलं नाही

"मावशी, मी कराडजवळच्या एका विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळेत ९ वर्षं सायन्स शिकवते. एम.एस्सी. बी.एड. आहे, हातात १९ हजार येतात. आता शारजातल्या एका इंडियन करिक्युलमच्या शाळेची ऑफर आलीये, महिना ३,८०० दिरहम, त्यात बेसिक १,६००, राहायला शाळेची शेअरिंग रूम, एप्रिलला जॉइनिंग. एजंट १ लाख २० हजार मागतोय आणि म्हणतोय आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ. मिस्टर साखर कारखान्यात अकाउंट्सला आहेत, ते लगेच तयार झाले. घराचा हप्ता किती, दिराच्या लग्नाला किती, सगळं वहीत मांडून झालंय. सासूबाई म्हणतात मुलीला मी सांभाळते, ती ८ वर्षांची आहे, तिसरीत. मी टेटपण (शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा) दिलीये, भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेय, वय ३६, ओपन. सगळे हो म्हणतायत, मलाच कळत नाहीये. जाऊ का?"
– कराडची एक शिक्षिका

अगं, जा. पण या एजंटच्या हाताने जाऊ नकोस आणि लेकीला मागे ठेवून जाऊ नकोस. या दोन गोष्टी जमत नसतील तर ही ऑफर सोड, दुसरी बघू, ९ वर्षं सायन्स शिकवलेल्या बाईला दुसरी ऑफर येते.

एजंटचं आधी बोलते कारण ते तातडीचं आहे, त्याला अजून एक रुपया दिला नसशील तर देऊ नकोस. आपल्याकडे नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, तीपण पावती देऊन. हा त्याच्या चौपट मागतोय. तो नोंदलेला आहे की नाही ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, दहा मिनिटांचं काम आहे, आज रात्री मिस्टरांनाच बसव. आणि यूएईचा जो २०२१ चा नवा कामगार कायदा आहे (२०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालाय) त्यात स्पष्ट आहे की माणूस आणायचा खर्च मालकाने करायचा, कामावर येणाऱ्याकडून तो वसूल करायचा नाही, आडमार्गानेसुद्धा नाही. म्हणजे हे पैसे शाळेच्या नावावर मागतोय का स्वतःच्या खिशासाठी, हे शाळेला माहीतच नसेल असंही होऊ शकतं. तेव्हा शाळेच्या वेबसाइटवरून नंबर काढून थेट एचआरला फोन लाव, एजंटने दिलेल्या नंबरवर नको.

व्हिजिट व्हिसावर जाऊन शिकवायला उभं राहणं तर अजिबात नको. तो कामाचा व्हिसा नाही, त्यावर काम करणं बेकायदा आहे. पगार थकला, शाळेने अचानक नको म्हटलं तर तू कागदावर तिथे कामालाच नसतेस, मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? सरळ रस्ता असा की आधी त्यांच्या मनुष्यबळ मंत्रालयाचं ऑफर लेटर येतं, लोक त्याला मोहरेचं ऑफर लेटर म्हणतात, त्यावर तू सही करतेस, आणि पुढचं काँट्रॅक्ट त्या लेटरशी जुळावं लागतं. त्यानंतर एम्प्लॉयमेंटचा एंट्री परमिट आणि मग विमान. शिवाय शारजात खासगी शाळांवर तिथली शारजा प्रायव्हेट एज्युकेशन ऑथॉरिटी आहे, शिक्षकाची नेमणूक त्यांच्याकडून मंजूर व्हावी लागते, डिग्री अटेस्ट केलेली लागते. आधी आपल्या राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा. याला आठवडे जातात, एप्रिल गाठायचा असेल तर हे आत्ताच सुरू करायला हवं, आणि "डिग्रीचं नंतर बघू" म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नकोस.

आता पगार. ३,८०० दिरहम ऐकल्यावर तुमच्याकडे कुणीतरी चोवीसने गुणलं असणार, ९१ हजार आले असणार आणि वही उघडली असणार. गुणाकार बरोबर आहे, पगारावर तिथे इन्कम टॅक्स नाही हेही खरं. पण बेसिक बघ, १,६००. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर, वर्षाला २१ दिवसांची (पहिल्या पाच वर्षांसाठी, वर्ष पूर्ण केलं तरच). १,६०० भागिले ३० गुणिले २१, झाले १,१२०. दोन वर्षांनी हातात २,२४० दिरहम. हेच बेसिक २,५०० असतं तर साडेतीन हजार झाले असते. म्हणून एकूण आकडा तोच ठेवून बेसिक वाढवता का, हे विचारायला लाजू नकोस, फार तर नाही म्हणतील. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार पहिल्या वर्षी मिळतो का, आणि तिकीट दरवर्षी का दोन वर्षांतून एकदा, हेही विचार, त्या दिवसांत विमानाची भाडी कशी चढतात ते गल्फमधल्या कुणालाही विचार.

अजून एक, प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात शाळा १४ दिवसांची नोटीस देऊन घरी पाठवू शकते. दिराचं लग्न आणि घराचा वाढीव हप्ता हे सगळं पहिल्या महिन्यापासून तुझ्या दिरहमवर टांगलंय, सहाव्या महिन्याच्या आत काही बिनसलं तर काय, याचं वहीत एक पान तरी आहे का? माझं ऐकशील तर पहिले सहा महिने घरी फक्त आत्ता देतेस तेवढेच पैसे पाठव. उरलेले तुझ्या नावाच्या एनआरई खात्यात (बाहेरची कमाई इथे ठेवायचं खातं), एकटीच्या नावाच्या. हे नवऱ्यावर अविश्वास म्हणून नाही सांगत, पण ज्या बाईला अजून जायचं का हेच ठरवता आलेलं नाही तिचा पगार आधीच वाटला गेलाय, हे मला पत्र वाचताना खूप टोचलं. नोकरीसाठी बाहेर गेलीस की तुझं इथलं सेव्हिंग खातंपण एनआरओ, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं, बँकेत निघायच्या आधीच जाऊन ये.

आता लेकीचं. इथे मी तटस्थ नाहीये आणि तसा आव पण आणणार नाही. मी १९९४ ला मस्कतला शिकवायला गेले, मुलगा सहा वर्षांचा, आईकडे साताऱ्याला ठेवला. फोन तेव्हा इतका महाग की महिन्यातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, मग मी कॅसेटवर गोष्टी रेकॉर्ड करून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचे आणि तो त्या रोज ऐकायचा म्हणे. दुसऱ्या वर्षी सुट्टीला आले तर दिवसभर माझ्याभोवती असायचा पण झोपायला आजीकडे जायचा. रात्री ताप आला तरी आजीलाच हाक. आईने काही कमी केलं नाही त्याचं, उलट जास्तच केलं, पण ती चार वर्षं माझ्याकडे नाहीत ती नाहीतच. तिथे गेल्या दिवशी ऑफिसने माझा पासपोर्ट जमा करून घेतला होता, तेव्हा सगळ्यांचाच घ्यायचे, आम्हाला वाटायचं असंच असतं, आणि त्यामुळे मुलगा एकदा दवाखान्यात ॲडमिट होता तेव्हा पासपोर्ट हातात यायला चार दिवस लागले, मी पोचले तोवर त्याला घरी सोडलं होतं. (आता यूएईच्या कायद्यात पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायला मनाई आहे, हे पाठ करून जा. कुणी मागितला तर झेरॉक्स दे.) आज व्हिडिओ कॉल आहे, शारजा तीन तासांवर आहे, मान्य. पण आठ वर्षांच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर वेणी घालता येत नाही गं.

तिला नेता येईल का, तर येईल, पण तुझ्या ऑफरमध्ये एक गाठ आहे जी एजंट सांगणार नाही. तिथे कुटुंबाला स्पॉन्सर करायला, म्हणजे आपल्या व्हिसावर आणायला, किमान पगाराची अट आहे, ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय. तुझे ३,८०० आणि शाळेची रूम, म्हणजे कागदावर बसतेस. पण ती रूम शेअरिंगची, तिथे मुलीला घेऊन राहता येणार नाही. आणि रूम सोडून स्वतःची खोली घेतलीस तर पगार २०० दिरहमने कमी पडतो. म्हणून शाळेला सांग की मला रूम नको, त्याऐवजी हाउसिंग अलाउन्स द्या आणि तो काँट्रॅक्टमध्ये लिहा. कुटुंब आणणाऱ्या शिक्षकांना असं देणाऱ्या शाळा आहेत, तू पहिलीच विचारतेयस असं नाही. दुसरं, स्टाफच्या मुलांना फीमध्ये किती सवलत आहे, आणि तिसरीनंतर चौथीत सीट आहे का. तिथल्या इंडियन शाळांचंही वर्ष एप्रिललाच सुरू होतं त्यामुळे तिचं वर्ष वाया जायचा प्रश्न नाही. तुझा हेल्थ इन्शुरन्स मालकाने काढायचा असतो, २०२५ पासून शारजातही ते सक्तीचं झालंय, पण मुलीचा तुलाच काढावा लागेल असं धरून चाल. मिस्टरांचं संमतीपत्र आणि तिचा जन्मदाखला अटेस्ट करून ठेव. पहिले दोन-तीन महिने तू एकटी जाऊन खोली, व्हिसा बघ आणि इथली उन्हाळी सुट्टी संपताना तिला घेऊन जा, एवढ्यापुरतं सासूबाईंना खुशाल सांग की सांभाळा. त्यांनी आपणहून म्हटलंय, मोठ्या मनाच्या आहेत.

शारजाची एक गोष्ट तुला आवडेल, तिथे २०२२ पासून शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी असते, शाळा चारच दिवस. ते चार दिवस लांब असतात आणि तपासायच्या वह्या काही कमी होत नाहीत, पण लेक बरोबर असेल तर तीन दिवस घरात मिळणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको.

राहिलं पवित्र पोर्टल. याच्यावर तू एकच ओळ लिहिलीस, मला वाटतं रात्री झोप उडवणारी गोष्ट हीच आहे. ३८ ला ओपनची वयोमर्यादा संपते, दोन वर्षांचा व्हिसा संपवून आलीस की तू ३८. म्हणजे गेलीस तर सरकारी नोकरीचं दार बहुतेक बंद, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. पण पोर्टलने तुला काय दिलंय ते पण बघ. टेट २०१७ ला झाली, मग थेट २०२३, मग २०२५. लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार, म्हणजे आत्तापेक्षा कमी, नेमणूक जिल्ह्याबाहेर झाली तर लेकीपासून लांब राहणं इथेही आलंच. त्यानंतर मात्र वेतनश्रेणी आणि कायमची नोकरी, त्याची किंमत मोठी आहे. तेव्हा असं कर, तुझा स्कोअर, तुझा विषय आणि मागच्या फेरीत ओपन महिलांचा कटऑफ कुठे थांबला ते समोर मांड. त्याच्या वर किंवा चार-पाच मार्कांच्या आत असशील तर शाळेला जूनपर्यंत थांबता का विचार, थांबले नाहीत तर इथेच थांब, माझं मत तेवढ्यापुरतं बदलेल. पंधरा-वीस मार्कांनी खाली असशील तर ती वाट बघणं सोडून दे, त्या आशेवर १९ हजारांत अजून किती वर्षं काढणार आहेस?

आत्ताच्या शाळेचा राजीनामा मोहरेचं लेटर आणि एंट्री परमिट दोन्ही हातात आल्यावरच दे, आणि अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, तारखांसकट, सही-शिक्क्यासकट आधी घे, विनाअनुदानित शाळा माणूस गेल्यावर दाखला द्यायला किती खेटे घालायला लावतात तुला माहितीच आहे. तिथे काही अडलं तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे, शारजा त्यांच्याच हद्दीत येतं, नंबर फोनमध्ये सेव्ह करून जा.

उद्या एचआरला मेल लिही, चारच प्रश्न: व्हिसाचा खर्च कोण करणार, रूमऐवजी अलाउन्स मिळेल का, बेसिक वाढेल का, मुलीला फीत सवलत किती. मेल पाठवायच्या आधी मिस्टरांना वाचायला दे, आणि त्याच वेळी मुलगी बरोबर येणार हे त्यांना सांग, विचारू नकोस, सांग. शाळेचं उत्तर आलं की मला कळव, दुसऱ्या प्रश्नाचं काय म्हणतात ते आधी लिही.