शेवटच्या डब्यातला मधला बाक

गेल्या अंकात रोलर कोस्टरच्या वेडाबद्दल लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. मी या वेडात बरीच वर्षं आहे. राइडवरून उतरलं की तारीख, हवा, कुठे बसले आणि अंगाला काय जाणवलं हे वहीत लिहून ठेवते. त्यामुळे एकेक पत्र वाचताना फार आनंद झाला. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, काही पत्रं निवडली आहेत.

ताई, पुढे बसावं की मागे? आमच्या मित्रांत यावरून दर वेळी वाद होतो. पुढच्या सीटसाठी रांगेत अर्धा तास जास्त उभं राहण्यात अर्थ आहे का?

मी मागे बसते. जमलं तर अगदी शेवटच्या डब्यात. गाडीचे डबे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे कुठल्याही क्षणी सगळ्यांचा वेग सारखाच. पहिला डबा पहिल्या चढाचा माथा ओलांडतो तेव्हा मागचे डबे अजून गाडीला वर ओढणाऱ्या साखळीच्या ताब्यात असतात आणि गाडी रेंगाळत असते. पुढे बसणारा उताराच्या तोंडाशी लोंबकळत राहतो, खाली काय वाढून ठेवलंय ते त्याला निवांत दिसतं. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत मात्र बाकीची गाडी उताराला लागलेली असते आणि ती तुम्हाला माथ्यावरून खसकन ओढून नेते. सीटवरून उचललं जाण्याच्या त्या क्षणाला आम्ही एअरटाइम म्हणतो. पहिल्या उतारावर तो मागे बसणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतो.

पुढच्या टेकड्यांवर हिशोब थोडा बदलतो. पुढच्या डब्याला चढ संपता संपता उचललं जातं, मागच्या डब्याला उतार सुरू होताना. मधल्याला दोन्ही कमी. म्हणून पहिल्यांदाच बसणाऱ्याला मी नेहमी मध्ये बसवते. तोंडावर वारा हवा असेल, समोर फक्त रूळ आणि आकाश हवं असेल तर पुढे बसा. त्यासाठी अर्धा तास थांबणं मला एकदा तरी पटतं. दर वेळी नाही.

लाकडी राइडवर आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे चाकं कुठे आहेत. आसाच्या वर बसलात तर रुळाचा प्रत्येक सांधा मणक्यापर्यंत पोचतो. तीन बाकांचा डबा असेल तर मधला बाक चाकांपासून लांब असतो. माझी पाठ आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हणून मी शेवटच्या डब्यातला मधला बाक धरते. ओढ तीच मिळते, हादरे कमी बसतात. तुमच्या मित्रांना हे करून बघायला सांगा.

आमची राइड चढावर मध्येच थांबली. बराच वेळ तसेच तिरके बसून होतो, मग कर्मचाऱ्यांनी बाजूच्या जिन्याने खाली उतरवलं. तेव्हापासून आमचे हे कोस्टरचं नाव काढू देत नाहीत. हे धोक्याचं नव्हतं का?

तुमच्या यजमानांना हे उत्तर जरूर वाचायला द्या. गाडी चढावर थांबली याचा अर्थ बहुतेक वेळा सुरक्षेची यंत्रणा तिचं काम करत होती. एकाच रुळावर दोन-तीन गाड्या फिरत असतात. त्यासाठी रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, हा नियम मोडता येत नाही. पुढची गाडी स्टेशनात अडकली, कुणाचा पट्टा लागत नसला, एखाद्या सेन्सरने शंका घेतली, की मागची गाडी आपापल्या भागाच्या टोकाला थांबवली जाते. चढ ही अशी थांबण्याची ठरलेली जागा आहे. म्हणून तर त्याच्या कडेने जिना बांधलेला असतो.

गाडी मागे घसरत का नाही? चढताना तो खट्-खट्-खट् आवाज ऐकलात ना? गाडीखाली एक लोखंडी खिट्टी असते आणि चढाच्या मधोमध दात्यांची पट्टी. खिट्टी एकेका दात्यावरून पडत पुढे जाते, मागे यायचं म्हटलं तर पुढच्याच दात्यात अडकते. साखळी तुटली तरी गाडी जागची हलत नाही. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१० साली या खिट्टीचं पेटंट घेतलं. रुळाच्या खालून पकडणारी चाकंही त्याचीच, १९१९ सालची. ती नसती तर एअरटाइमच्या क्षणी गाडी रूळ सोडून वर गेली असती. आजच्या प्रत्येक मोठ्या राइडच्या मुळाशी या दोन गोष्टी आहेत. राइडवर बसले की खिट्टीचा तो आवाज मी मुद्दाम कान देऊन ऐकते, आणि मला त्याने धीर येतो. नव्या राइड्सवर तो बंद करण्याची सोय करतात. मला ते आवडत नाही.

मुलीची उंची नियमापेक्षा दोन बोटं कमी आहे. जाड तळाचे बूट घालून चालेल का? ती खूप हट्ट करते आहे.

नाही. मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरचा हार्नेस कुठे टेकणार हे शरीराच्या मापावर ठरतं. बुटाने पट्टीपर्यंत डोकं पोचेल, मांडी आणि खांदे तेवढेच राहतील. तिला सांगा, राइड कुठे जाणार नाही, आणि तोवर लहानांच्या कोस्टरवर तिच्या शेजारी बसा. तिथेही टेकडी आहे, वळण आहे, पोटात येणारा गोळा आहे.

मी अकरावीत आहे. कोस्टरचा लूप पूर्ण गोल का नसतो? उलट्या थेंबासारखा का दिसतो?

तुझ्या प्रश्नासाठी मी दोन पत्रं बाजूला ठेवली. सुरुवातीला लूप गोलच होते. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ होती, तिचा लूप जवळजवळ वर्तुळ. लोकांच्या माना दुखावत. कारण तुझ्या पुस्तकात आहे: वर्तुळाकार फिरताना बसणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्रिज्या लहान झाली की आणखी वाढतो. गाडी लूपच्या तळाशी सगळ्यात वेगात असते आणि माथ्याशी सगळ्यात हळू. गोल लूपमध्ये त्रिज्या सगळीकडे एकच, त्यामुळे तळाशी गाडी शिरताक्षणी सगळा दाब एकदम मानेवर येतो. तो कमी करायला वेग उतरवला तर माथ्यावर गाडी लटकण्याची भीती.

उपाय असा की तळाशी वळण पसरट ठेवायचं आणि वर जाता जाता आवळत न्यायचं. वेग जास्त तिथे त्रिज्या मोठी, वेग कमी तिथे लहान. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वेचे रूळ आणि रस्ते सरळीतून वळणात नेताना तो आधीपासून वापरात होता. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी तो लूपसाठी वापरला, अँटोन श्वार्झकोफ यांच्या कारखान्याने राइड बांधली, आणि १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानात ‘रिव्होल्यूशन’ सुरू झाली. उभा लूप असलेली ही पहिली आधुनिक कोस्टर. पुढच्या वेळी लूपच्या बाजूला उभी राहा आणि गाडीकडे न बघता रुळाकडे बघ, वाकण्याचं प्रमाण कसं बदलत जातं ते डोळ्यांना कळतं. उंची आणि वेगाचे आकडे जाहिरातीत असतात. राइड चांगली की वाईट हे मात्र अशा वाकण्यात ठरतं. माझ्या वहीतल्या आवडत्या राइड्सपैकी अर्ध्या तर उंचही नाहीत.

माझी आवडती राइड उद्यानाने पाडली. बातमी वाचून मला रडू आलं. घरचे म्हणाले, लोखंडासाठी कोण रडतं. मी वेडा आहे का?

तुम्ही वेडे नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

न्यू जर्सीची ‘किंगडा का’ आठवा. २००५ साली सुरू झाली, १३९ मीटर उंच, साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर. जगातली सगळ्यात उंच कोस्टर म्हणून तिचं नाव होतं. मी तिच्यावर बसले होते. सुटण्याआधी गाडी किंचित मागे सरकायची, मग रुळामधल्या ब्रेकच्या पट्ट्या खाली जाण्याचा आवाज यायचा आणि क्षणभर काहीच व्हायचं नाही. त्या क्षणात शेजारची अनोळखी बाई माझा हात धरायला आली आणि मी तो दिला. माथ्यावर गाडी कधी झपकन ओलांडायची, कधी इतकी हळू की वरून क्षितिज बघून घ्यावं. २०२४ च्या नोव्हेंबरात ती आधी न सांगता कायमची बंद झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून मनोरा पाडला. ज्यांना एकदा शेवटचं बसायचं होतं त्यांना ती संधीच मिळाली नाही. राइड म्हातारी होते, सुटे भाग मिळत नाहीत, देखभाल परवडत नाही, हे मला कळतं. पण शेवटचा दिवस आधी जाहीर करायला काय हरकत होती? लोकांनी येऊन निरोप घेतला असता. याचा मला अजून राग आहे.

आणि रडून काही होत नाही असंही नाही. कोनी आयलंडची १९२७ सालची ‘सायक्लोन’ सत्तरच्या दशकात पाडली जाणार होती, शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी होती. लोक तिच्यासाठी उभे राहिले, १९७५ मध्ये डागडुजी होऊन ती पुन्हा धावली आणि आता ती शहराची संरक्षित वास्तू आहे. पेनसिल्व्हेनियातली ‘लीप द डिप्स’ १९०२ ची, जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी कोस्टर. तिला रुळाखालची चाकं नाहीत, कारण ती मिलरच्या शोधाआधीची आहे. १९८५ साली ती बंद पडली, गवतात उभी राहिली, आणि ती जपायचीच असं ठरवलेल्या लोकांनी पैसे जमवून १९९९ मध्ये परत सुरू करून घेतली. गाडीला दोन पलट्या देणारी पहिली आधुनिक राइड, १९७५ ची ‘कॉर्कस्क्रू’, तर कॅलिफोर्नियातून उचलून आयडाहोला नेली. तिथे ती १९९० मध्ये पुन्हा उभी राहिली. कोपनहेगनच्या तिवोली बागेतली १९१४ सालची लाकडी राइड आजही गाडीत बसलेला ब्रेकवाला हाताने आवरतो. मी त्याच्या मागच्याच बाकावर होते. वळणाआधी तो अंगाचा भार दांड्यावर टाकायचा, आणि उतारावर मात्र हात सैल सोडून गाडीला तिच्या मनासारखं पळू द्यायचा.

तुमच्या राइडचे फोटो असतील तर तारखेसह नीट ठेवा. नियमांची पाटी, स्टेशन, चढाची बाजू, जिथून कुणी फोटो काढत नाही अशा जागा. कुठल्या वळणाला डोकं कुठे आपटायचं तेही लिहा. अभियंत्याकडे नकाशे असतात, बसल्यावर काय व्हायचं हे फक्त तुमच्याकडे आहे.

वय अठ्ठावन्न. सून म्हणते, आता हे शोभत नाही. तुम्ही काय म्हणाल?

शोभतं. हृदयविकार, रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि राइडच्या दारातली पाटी पूर्ण वाचा, ती उगाच लावलेली नसते. तब्येत ठीक असेल तर जुन्या लाकडी राइडपेक्षा नवी, गुळगुळीत पोलादी राइड निवडा. डोकं मागच्या टेकूला लावून ठेवा, दात मिटलेले असू द्या आणि चष्म्याला दोरी. सुनेलाही शेजारी बसवा.

शर्यतीच्या कोस्टरवर दोन गाड्या शेजारी धावतात. आजवर किती राइड्सवर बसलो हे मोजताना ती एक धरायची की दोन?

दोन वेगळे रूळ असतील तर मी दोन धरते. पण इंग्लंडच्या ब्लॅकपूलमधल्या १९३५ सालच्या ‘ग्रँड नॅशनल’सारख्या राइडवर रूळ एकच, लांबलचक आणि स्वतःभोवती गुंडाळलेला. डाव्या बाजूने सुटलेली गाडी उजव्या बाजूला येऊन थांबते. तिथे एकच. मात्र बसायचं दोन्ही बाजूंनी.

दिवसभरात राइड घेण्याची सगळ्यात चांगली वेळ कोणती?

रांग टाळायची असेल तर दार उघडताच, आणि तेही उद्यानाच्या मागच्या टोकाकडून सुरू करा, कारण बहुतेक जण पहिल्या दिसेल त्या राइडला थांबतात. राइडच्या मजेसाठी मात्र संध्याकाळ. दिवसभर धावून चाकांचं वंगण गरम झालेलं असतं आणि गाडी सकाळपेक्षा मोकळी पळते. लाकडी राइड असेल तर अंधार पडल्यावर बसा. पुढचं वळण दिसत नाही, अंग सावरून धरता येत नाही. त्या फेरीसाठी शेवटचा डबा मिळेपर्यंत थांबा, मागच्यांना पुढे जाऊ द्या.