बॉल पायथनची अंडी आणि नागपूरचा मे

प्रश्न : माझ्या बॉल पायथनने (पाळीव आफ्रिकी अजगराने) एप्रिलअखेर सहा अंडी घातली. थर्मोकोलच्या पेटीत हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावून थर्मोस्टॅट ३१.५ अंशांवर ठेवलाय, तरी दुपारी पेटीत ३५ दिसतं. दोन अंडी पिचकलीत. थर्मोस्टॅट बिघडला का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : थर्मोस्टॅटला दोष देऊ नका. तो मॅट बंद करतो, खोली गार करत नाही. बाहेर ४५ असताना बंद खोली ३७-३८ वर जाते आणि थर्मोकोल ती गरमी फक्त उशिरा आत सोडतो. पेटी आजच एसी किंवा कूलरच्या खोलीत हलवा, मात्र झोताच्या तोंडाशी नको. खोली २७-२८ वर राहिली की मॅटला काम उरतं आणि तापमान स्थिरावतं. पेटीत पाण्याच्या तीन-चार बाटल्या भरून ठेवा. वीज गेली तरी पारा हळू हलतो. सेन्सर मात्र अंड्यांच्या उंचीवरच हवा. तासाभरासाठी २८ अंशांपर्यंत झालेली घसरण फार तर पिल्लं उशिरा आणेल; रोजची ३५ मात्र कणा वाकडा करते किंवा पिल्लू अंड्यातच मारते.

आता पिचकलेली अंडी. अंधारात टॉर्च लावून बघा. लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं वांझ किंवा मेलेलं. जिवंत अंडं एवढ्या लवकर पिचकलं तर ओल कमी पडली. अंड्यांखालचं व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने समसमान असावं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. कमी वाटलं तर कोमट पाणी डब्याच्या कडेने सोडा, अंड्यांवर नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी थोडी पिचकतात, ते स्वाभाविक.

अंडी उलटवू नका, चिकटलेली सोडवू नका. वर पेन्सिलीने खूण केली नसेल तर आता करा. साधारण ५५ ते ६० दिवसांत पिल्लू कवच चिरतं; त्यानंतर दिवस-दोन दिवस ते आतच बलक शोषत बसतं. ओढून काढण्याची घाई नडते. पिल्लांची नोंदही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

प्रश्न : अंगणातल्या शेणखतात सापाची अंडी सापडली. घरी उबवू का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : नाही. आपल्याकडचे साप १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि ती अंडी नागाचीही असू शकतात. ढीग तसाच झाका, वन विभागाला १९२६ वर कळवा.