वाचकांचे प्रश्न: माशाचा आकडा चांगला आहे, मग केमिकल सेफ का?

प्रश्न: मी परचेसला आहे. एका नवीन क्लिनिंग केमिकलची एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोक्यांची माहिती देणारं पत्रक) आलीये, एकच पदार्थ आहे, मिश्रण नाही. सेक्शन १२ मध्ये, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामाच्या भागात, असं लिहिलंय: मासे ९६ तास एलसी५० ४५ मिग्रॅ प्रति लिटर, डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) ४८ तास ईसी५० ३.२, शेवाळ ७२ तास ईसी५० ०.८, आणि २८ दिवसांत विघटन २० टक्के. सप्लायर म्हणतो माशांना ४५ पर्यंत चालतंय, म्हणजे एकदम माइल्ड आहे. बरोबर आहे का?

उत्तर: सप्लायरने सोयीचा आकडा उचललाय, बाकी काही नाही. एलसी५० म्हणजे ज्या कॉन्सन्ट्रेशनला निम्मे मासे मरतात ते, ईसी५० म्हणजे ज्याला मरण्याऐवजी दुसरा ठरलेला परिणाम निम्म्यापर्यंत दिसतो ते, म्हणजे दोन्हीत आकडा जितका लहान तितकं केमिकल जास्त विषारी, हे आधी डोक्यात पक्कं करा कारण इथेच निम्मे लोक उलटं वाचतात. आणि "४५ पर्यंत चालतंय" हेही चूक, ४५ ला निम्मे मेलेले असतात, त्याच्या बरंच खालीही काही मरत असणारच.

आता मुख्य मुद्दा. जीएचएस या केमिकल वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत मासे, डॅफ्निया आणि शेवाळ या तिघांची सरासरी काढत नाहीत, तिघांत जो सगळ्यात नाजूक निघेल त्याचा आकडा धरतात. तुमच्या केसमध्ये तो शेवाळाचा ०.८. १ किंवा त्याच्या खाली असेल तर ॲक्यूट (थोड्या वेळात दिसणारा धोका) १, १ ते १० मध्ये ॲक्यूट २, १० ते १०० मध्ये ॲक्यूट ३. म्हणजे माशावरून बघितलं तर तुमचं केमिकल ॲक्यूट ३, आणि खरं वर्गीकरण ॲक्यूट १, सगळ्यात वरचा वर्ग! उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय म्हणणार याला.

शेवाळाला काय एवढं महत्त्व असं वाटेल, पण पाण्यातलं सगळं खाणंपिणं तिथूनच सुरू होतं, शेवाळ गेलं की ते खाणारा डॅफ्निया उपाशी आणि त्याच्यावर जगणारं माशाचं पिल्लूही उपाशी. शिवाय या तिघांत "परिणाम" मोजायची रीतही वेगळी असते. माशांमध्ये मेलेले मोजतात, शेवाळात वाढीचा वेग निम्मा झाला का बघतात, आणि डॅफ्निया तर मेला की जिवंत हे कळणंच अवघड, म्हणून काचपात्र हलकेच हलवतात आणि १५ सेकंदांत पोहला नाही तर तो निकामी धरतात.

आता ते २० टक्के. २८ दिवसांच्या टेस्टमध्ये ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडवरून मोजलं तर ६० टक्के, विरघळलेल्या कार्बनवरून मोजलं तर ७० टक्के विघटन व्हावं लागतं, तेव्हा पदार्थ लवकर विघटन होणारा ठरतो. २० टक्के म्हणजे नापास. दीर्घ मुदतीच्या टेस्टचा डेटा शीटमध्ये नाहीये असं धरतो, तेव्हा नियम असा की ॲक्यूटचा आकडा १ च्या आत आणि वर लवकर विघटन होत नाही, तर थेट क्रॉनिक (दीर्घ मुदतीचा धोका) १. लेबलवर मेलेला मासा आणि सुकलेलं झाड हे चित्र आणि एच४१० हा कोड असलाच पाहिजे. शीटचा सेक्शन २ (धोक्याचं वर्गीकरण) उघडून बघा, नसेल तर शीट परत पाठवा.

प्रश्न: आमचा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, विद्राव्यता ०.५ मिग्रॅ प्रति लिटर. माशांचा एलसी५० १०० पेक्षा जास्त लिहिलाय. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

उत्तर: जे पाण्यात ०.५ च्या वर जातच नाही त्याचा १०० ला टेस्ट केला म्हणजे नक्की काय केलं? १०० मिग्रॅ टाकलं असेल, पण माशापर्यंत पोचलं ०.५, बाकी तळाशी बसलं, वर तरंगलं किंवा काचेला चिकटलं. म्हणून रिपोर्टमध्ये कॉन्सन्ट्रेशन प्रत्यक्ष मोजलेलं आहे का नुसतं टाकलेलं आहे ते आधी बघायचं. उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटचंही तसंच, झाकण उघडं ठेवून टेस्ट केली तर चौथ्या दिवशी पाण्यात केमिकल उरलेलंच नसतं आणि मासे मजेत.

न विरघळणाऱ्या पदार्थात भीती वेगळी असते, ती म्हणजे अंगात साचण्याची. लॉग केओडब्ल्यू (पदार्थ चरबीसारख्या द्रवात आणि पाण्यात किती वाटला जातो त्याचा आकडा) ४ किंवा जास्त असेल तर पदार्थ पाण्यापेक्षा चरबीत जायला बघतो. विरघळतं तेवढ्यात ॲक्यूट परिणाम दिसला नाही, पण विघटन होत नाही आणि लॉग केओडब्ल्यू ४ किंवा वर आहे, अशांसाठी क्रॉनिक ४ हा वर्ग मुद्दाम ठेवलाय. दीर्घ मुदतीच्या टेस्टमध्ये काही निघालं नाही किंवा साचत नाही हे मोजून दाखवलं तरच त्यातून सुटका.

आणि "कमी विरघळतं" याचा आधार घेणाऱ्यांनी ट्रायब्युटिलटिन आठवावं. जहाजांच्या तळाच्या रंगात असायचं ते. लिटरमागे काही नॅनोग्रॅमला डॉगव्हेल्क या समुद्री गोगलगायीच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले आणि प्रजनन बंद पडलं. जहाजांवर ते बंद करणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये लागू झाला. ९६ तासांच्या माशाच्या टेस्टमध्ये असलं काही कधी दिसलंच नसतं.

प्रश्न: बादलीत दोन-चार मासे सोडून आम्हीच चेक केलं तर? लॅबचा खर्च वाचेल.

उत्तर: नको. मासे मेले तर केमिकलने मेले का ऑक्सिजन संपल्याने हे तुम्हाला कळणार नाही, आणि जगले तरी शेवाळाबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०३ नंबरच्या माशांच्या टेस्टच्या पद्धतीत निदान ५ कॉन्सन्ट्रेशन, प्रत्येकात किमान ७ मासे, ऑक्सिजन ६० टक्के संपृक्ततेच्या खाली जायला नको, आणि केमिकल नसलेल्या टाकीत १० टक्क्यांपेक्षा जास्त मेले तर टेस्टच बाद.

जातीचाही फरक असतो. टायरच्या रबरातल्या एका पदार्थापासून बनणारं सिक्सपीपीडी-क्विनोन, २०२० मध्ये उघड झालं की ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्याही खाली कोहो सामनला काही तासांत मारतं, आणि त्याचाच नातेवाईक चम सामन त्यात आरामात राहतो. तुमच्या बादलीतला मासा यातला कुठला?

प्रश्न: पहिल्या प्रश्नातल्यासारखंच क्रॉनिक १ केमिकल आम्ही आमच्या प्रॉडक्टमध्ये फक्त २ टक्के टाकतो, बाकी घटक निरुपद्रवी आहेत. लेबलवर काही लागतं का?

उत्तर: हिशोब करा. ॲक्यूट आकडा ०.१ ते १ मध्ये असेल तर एम फॅक्टर (जास्त विषारी घटकाला जास्त वजन देणारा गुणक) १. टक्केवारी गुणिले एम, २५ किंवा वर गेलं तर मिश्रण क्रॉनिक १, तुमचं येतं २, नाही. त्याला १० ने गुणून २५ झालं तर क्रॉनिक २, येतं २०, थोडक्यात हुकलं. १०० ने गुणा, २००, म्हणजे क्रॉनिक ३. चित्र लागत नाही पण एच४१२ चं वाक्य लागतं. तेच केमिकल दहापट विषारी असतं, आकडा ०.०८, तर एम फॅक्टर १० झाला असता आणि तुमचे तेच २ टक्के क्रॉनिक २ मध्ये गेले असते, चित्रासकट. म्हणून सप्लायरकडून एम फॅक्टर लेखी मागून घ्या, बऱ्याच शीटमध्ये तो लिहायचाच राहिलेला असतो.

प्रश्न: सेक्शन १२ मध्ये सगळीकडे "माहिती उपलब्ध नाही" लिहिलंय. मग बिनधास्त वापरायचं ना?

उत्तर: टेस्ट केली आणि काही निघालं नाही ही एक गोष्ट, टेस्टच केली नाही ही दुसरी. सप्लायरला विचारा की मिळत्याजुळत्या रचनेच्या पदार्थाचा डेटा आहे का, किंवा रचनेवरून अंदाज देणारं क्यूसार मॉडेल चालवलंय का. दोन्हीला नाही म्हणाला तर तोपर्यंत ते विषारी धरून वागवा आणि ड्रेनमध्ये जाऊ देऊ नका.