रात्रीची गाडी, सोबत सगळं घर : बँकॉक ते चिआंग माई

दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला निघालेल्यांची पत्रं यावेळी बरीच आली आहेत, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा प्रश्न एकाच गाडीभोवती फिरतोय, बँकॉकहून संध्याकाळी सुटणारी आणि सकाळी चिआंग माईला पोचणारी स्लीपर. म्हणून या अंकात फक्त हीच गाडी घेतलीये.

प्रश्न : आम्ही सहाजण आहोत. मी, बायको, मुलगा ११, मुलगी ५, माझी आई ७१ वर्षांची आणि सासूबाई. एजंट म्हणतो विमानाने जा, सव्वा तासाचं काम. मुलांना ट्रेनच पाहिजे. फर्स्ट क्लास घ्यावा की सेकंड? आईचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. (नाशिक)

उत्तर : दादा, मुलांचं ऐका. विमान सव्वा तासाचं असलं तरी एअरपोर्टला जाणं, चेक-इन, सिक्युरिटी, उतरून बॅगांची वाट बघणं यात अर्धा दिवस जातोच, आणि त्या अर्ध्या दिवसात घरातलं कोणी कोणाशी धड बोलत नाही. ट्रेनमध्ये सहाजण समोरासमोर बसून जेवतात, पत्ते खेळतात, नातीला डोकं ठेवायला आजीची मांडी मिळते. अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर, ९ नंबरची गाडी संध्याकाळी ६:४० ला सुटते आणि सकाळी ७:१५ ला पोचते (तिकीट काढताना वेळ एकदा ताडून बघा, मध्येमध्ये बदल होतात). डबे २०१६ पासून चालू झालेले, चिनी बनावटीचे, स्वच्छ असतात.

आता क्लासचं. आपल्याकडे स्लीपर म्हटलं की आठ बर्थचा कंपार्टमेंट डोळ्यासमोर येतो, तसं इथे नाही. आपली साइड लोअर आणि साइड अपर असते ना, तशी जोडी पॅसेजच्या दोन्ही बाजूंना आहे, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस. संध्याकाळी समोरासमोरच्या दोन सीट्स असतात, साधारण साडेआठच्या सुमारास अटेंडंट येतो आणि त्या दोन सीट्स ओढून खालचा बर्थ करतो, वरचा बर्थ भिंतीतून खाली पाडतो, गादी टाकतो, धुतलेली चादर ताणून बसवतो, उशी, ब्लँकेट, पडदा, सगळं इतक्या सफाईने की मुलं तोंड उघडं टाकून बघत राहतात. मुलीला त्या वेळी जागं ठेवा, तिला आवडेल.

खालचा बर्थ वरच्यापेक्षा चांगला रुंद आहे आणि त्याला मोठी खिडकी आहे. वरच्याला खिडकी नाही, सरळ शिडी चढावी लागते, आणि पॅसेजचा दिवा रात्रभर चालू असतो तो वरच्याच्या डोळ्यांवर जास्त येतो. म्हणून माझं म्हणणं एकच, पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, पण खालच्या बर्थात वाचवू नका. दर दोन्हींच्यात साधारण शंभर बाटचा (बाट म्हणजे थायलंडचं चलन) फरक असतो, सेकंड एसीचा खालचा बर्थ हजार बाटच्या आसपास जातो. तुमच्यासाठी चार खालचे आणि दोन वरचे घ्या. आई, सासूबाई, वहिनी आणि छोटी खाली, तुम्ही आणि मुलगा वर. चार खालचे सलग मिळाले तर समोरासमोर दोन-दोन असे येतात आणि पॅसेजमध्ये उभं राहिलं की सगळे एका नजरेत दिसतात.

फर्स्ट क्लास वाईट नाही, उलट छान आहे, दोन-दोन बर्थच्या दाराच्या केबिन, आत वॉशबेसिन, डब्याच्या टोकाला शॉवर. पण तो अख्ख्या गाडीत एकच डबा असतो, दर माणशी दीड हजार बाटच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे तुम्ही सहाजण तीन बंद दारांमागे वाटले जाल, त्यातही प्रत्येक केबिनमध्ये एकाला वर चढावंच लागतं. काही केबिनना मधलं दार असतं, ते उघडलं की चारजणांची एक खोली होते. नवरा-बायको आणि तान्हं बाळ असेल, किंवा चौघांचं कुटुंब असेल आणि मधल्या दाराच्या केबिन मिळत असतील तर डोळे झाकून फर्स्ट घ्या. पण दोन आज्या आणि एक पाच वर्षांची असेल तर सेकंडच बरा, रात्री आईंनी हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे ना.

रात्री उठण्याबद्दल : टॉयलेट डब्याच्या टोकाला, कमोड आहे आणि हँड जेटही आहे, ही काळजी सोडा. बर्थ मात्र अगदी दाराजवळचा घेऊ नका, दार रात्रभर सरकत राहतं, आणि अगदी मधलाही नको, आईंना लांब पडेल. टोकापासून तिसरी-चौथी जोडी बघा. गाडी हलते तेव्हा धरायला आधार आहेत पण रात्री कोणीतरी सोबत उठा. आणि एसी! तिकडचा एसी म्हणजे अंगात कापरं भरवणारा, तो आपल्याला कमी-जास्त करता येत नाही. ब्लँकेट मिळतं तरी आज्यांना स्वेटर, पायमोजे, कानाला स्कार्फ, हे मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा.

मुलांच्या तिकिटाचं : तीन वर्षांखालचं आणि १०० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल फुकट जातं पण त्याला बर्थ नसतो. त्यापुढे १२ वर्षांपर्यंत आणि १५० सेंटीमीटरपर्यंत अर्धं भाडं लागतं, पण अर्धं फक्त मूळ भाडं, बर्थ आणि एसीचे पैसे पूर्ण. तेव्हा एकूण निम्मं होईल असं धरून हिशोब करू नका. मुलगा ११ चा आहे आणि उंच असेल तर आधी भिंतीला उभा करून मोजा.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूणही खात नाही. गाडीत जेवायला काय मिळेल? दोन वेळचं घरून न्यावं का? (पुणे)

उत्तर : गाडीला डायनिंग कार आहे पण तुमच्यासाठी तिच्यावर विसंबू नका. तिकडे भाजीचा पदार्थ मागितला तरी त्यात फिश सॉस पडतोच, तो त्यांच्याकडे मिठासारखा वापरतात, फसवायचा हेतू नसतो. तुम्हाला उपयोगी शब्द आहे 'जे'. चिनी-थाई परंपरेतलं हे व्रताचं जेवण, त्यात मांस-मासे नाहीत, अंडं-दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाईलमध्ये त्या अक्षराचा फोटो सेव्ह करून ठेवा आणि दुकानात दाखवा. वर्षातून एकदा याचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, साधारण आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो, तेव्हा गेलात तर बँकॉकच्या गल्लोगल्ली पिवळे झेंडे दिसतील आणि तुमचे हाल अजिबात होणार नाहीत.

बाकी दिवसांत गाडीत चढायच्या आधीच सोय करा. घरून मेथीचे ठेपले किंवा दशम्या, कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. एका रात्रीचाच प्रवास आहे, दोन वेळचं नेऊन पसारा करू नका. फळं तिकडेच घ्या, कापलेला पेरू, पपई, अननस पिशवीत घालून मिळतो आणि फार गोड असतो. सोबत तिखट-मिठाची पुडी देतात ती आपल्या जिभेला चालते. दही-लोणचं नको, बंद डब्यात वास भरतो आणि शेजारी परकी माणसं असतात.

प्रश्न : मी आणि बहीण, सोबत तिची दोन मुलं (मुलगी १३, मुलगा ८). पुरुष माणूस नाही. रात्रीची गाडी सेफ आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, हो, आणि तुमच्यासाठी वेगळी सोयच आहे. या गाडीला बायका-मुलांचा स्वतंत्र डबा असतो. तो का आला हेही सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. २०१४ मध्ये तिथल्या एका रात्रीच्या गाडीत १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं गेलं, आरोपी रेल्वेचाच कामगार होता. सगळा देश हादरला. त्यानंतर लगेच लेडीज डबा सुरू झाला आणि गाडीत दारू प्यायला, विकायला बंदी आली. त्या डब्यात दहा वर्षांखालच्या मुलग्यांना येता येतं, म्हणजे तुमचा आठ वर्षांचा भाचा चालेल. बुकिंग करताना हाच डबा निवडा, नंतर बदलायला सांगून होत नाही. मुलीला खालचा बर्थ द्या आणि तुमच्यापैकी एकीने तिच्या समोरचा खालचा घ्या. पासपोर्ट, पैसे गळ्यातल्या पाउचमध्ये, झोपतानाही काढू नका. मोठ्या बॅगांना सीटशेजारी रॅक आहे, तिथे राहू द्या.

प्रश्न : रात्रभर झोपलो तर बघायला काय मिळणार? (म्हापसा)

उत्तर : पहाट. लांपांगनंतर गाडी डोंगरात शिरते आणि खुन तानचा बोगदा लागतो, १,३५२ मीटरचा, १९१८ साली पूर्ण झालेला. काम एका जर्मन इंजिनियरच्या देखरेखीखाली चाललं होतं, पण १९१७ मध्ये सयाम (थायलंडचं जुनं नाव) पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरला आणि तिथले जर्मन लोक नजरकैदेत गेले, पुढचं काम सयामी लोकांनी पुरं केलं. बोगद्यातून बाहेर पडलं की साग, बांबू, मध्येच धुक्याचा पट्टा, आणि थोडं पुढे पांढऱ्या कमानींचा काँक्रीटचा पूल येतो. तुम्ही कोकण रेल्वेने येणारे-जाणारे, बोगद्यांचं तुम्हाला अप्रूप नसेल, पण ही मीटर गेज आहे, गाडी वळणावळणाने सावकाश चढते आणि पुढचे डबे खिडकीतून दिसतात. फक्त एक, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ९ नंबरची गाडी इथे येते तेव्हा नीट उजाडलेलं नसतं. डोंगर बघायचेच असतील तर १३ नंबरची घ्या, ती सकाळी पावणेनऊच्या सुमारास पोचते, डबे जुने आहेत पण उजेड मिळतो.

प्रश्न : मी दोहाहून येणार, घरचे मुंबईहून. सगळे एकाच दिवशी बँकॉकला उतरून त्याच संध्याकाळी गाडी पकडली तर? (दोहा)

उत्तर : दोन्ही विमानं सकाळी उतरत असतील तरच. दुपारी दोननंतर उतरणार असाल तर एक रात्र बँकॉकला मुक्काम करा, इमिग्रेशनच्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही आणि संध्याकाळचं ट्रॅफिक म्हणजे विचारू नका. दुसरं, स्टेशन नीट लक्षात ठेवा. १९ जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनवरून हलवल्या, आता त्या क्रुंग थेप अफिवातवरून सुटतात, एमआरटीच्या (बँकॉकची मेट्रो) ब्लू लाइनवर बांग सू स्टेशन, तेच. जुन्या ब्लॉगमध्ये, जुन्या व्हिडिओत अजून हुआ लाम्फोंगच सांगतात. सामान आणि मुलं असतील तर सरळ टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला नाव थाई लिपीत दाखवा, हे नवं नाव आहे, 'बांग सू' म्हटलं की पटकन कळतं.

साडेपाचपर्यंत पोचा. स्टेशन अवाढव्य आहे, एअरपोर्टसारखं, खाली बसायची जागा आणि गेट, प्लॅटफॉर्म वर, गाडी सुटायच्या थोडं आधीच वर सोडतात. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं आणि अख्खं स्टेशन जागच्या जागी उभं राहतं, बॅग ओढणारे, चहा पिणारे, सगळे. तेव्हा मुलांना सांगून ठेवा आणि तुम्हीही उभे राहा, मिनिटभराचं काम आहे. सकाळी आठलाही लागतं.

चिआंग माईच्या बाजूला लगेच काही बांधून ठेवू नका. गाडी तासभर उशिरा पोचणं नवल नाही, म्हणून त्या सकाळचं विमान, हत्तींची टूर, काहीही नको. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते, पण सामान ठेवून घेतात. आधी मेल टाकून विचारा की आजी-आजोबांना एक खोली लवकर मिळेल का, पुष्कळदा देतात. स्टेशन जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटर आहे, बाहेर लाल सोंगथाव उभे असतात, आपल्या सहाआसनी टमटमसारखे पण मोठे, बसायच्या आधी भाडं ठरवा.

प्रश्न : मोबाईल चार्जिंग? आणि मुलीला गाडी लागते. (ठाणे)

उत्तर : प्लग आहे, आपली दोन गोल पिनांची बारीक पिन बसते, तीन पिनांची जाड बसत नाही. गाडी लागत असेल तर खालचा बर्थ, गाडीच्या दिशेने तोंड असलेली सीट आणि रात्रीचं जेवण सातच्या आत, हलकं. गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच घ्या.

प्रश्न : दिवाळीत जावं की उन्हाळ्याच्या सुट्टीत? तिकीट कधी काढायचं? (सोलापूर)

उत्तर : दिवाळीत, शंका नको. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेकडे शेतं आणि रान जाळतात, चिआंग माईत धूर इतका साचतो की समोरचा डोंगर दिसत नाही, लहान मुलं आणि दम्याचे पेशंट घेऊन त्या दिवसांत जाऊच नये. शिवाय १३ ते १५ एप्रिल त्यांचं नववर्ष, सोंगक्रान, तेव्हा सगळा देश गावी जातो, आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांचं होतं तेच. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, त्यांचा लॉय क्राथोंग येतो, नदीत दिवे सोडतात, चिआंग माईत आकाशकंदीलही. त्या आठवड्याची तिकिटं फार लवकर संपतात, आणि आधी संपतात ते खालचे बर्थ. थाई रेल्वेची स्वतःची बुकिंग साइट आहे, इंग्रजीत चालते, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. विमानाचं तिकीट काढायच्या आधी तिथे खालचे बर्थ शिल्लक आहेत का बघा, आणि असतील त्या तारखेला धरून बाकीचं ठरवा.